फॉर्टिन्ब्रासला कापू नका

आज दुपारी एका हौशी संस्थेच्या ‘हॅम्लेट’मधल्या शेवटच्या पाच मिनिटांचा व्हिडिओ फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. हॅम्लेटच्या बापाला मारून राजा झालेला काका क्लॉडियस, त्याच्या पोटात तलवार जाते, हॅम्लेट त्याचा जबडा धरून विषाचा प्याला ओततो, आणि प्रेक्षागृहात शिट्ट्या, टाळ्यांचा कडकडाट. मग हॅम्लेट मित्राच्या, होरेशिओच्या मांडीवर कोसळतो, एक वाक्य बोलतो, काळोख, पडदा. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘अखेर न्याय झाला!’

कसला न्याय?

संस्थेचं नाव घेणार नाही. मुलांनी मेहनत केली आहे, तलवारबाजी स्वच्छ बसवली आहे, क्लॉडियसचं काम करणारा मुलगा तर उत्तम. माझा राग संहितेवर चाललेल्या कात्रीवर आहे. शेवटी राज्य घेणारा नॉर्वेचा फॉर्टिन्ब्रास गायब. इंग्लंडचा वकील, म्हणजे राजदूत, गायब. होरेशिओचं शेवटचं बोलणं गायब. हॅम्लेट मेल्यानंतर मूळ नाटकात अजून चाळीस-पंचेचाळीस ओळी आहेत. रंगमंचावर त्यांना जेमतेम चार मिनिटं लागतात. ती चार मिनिटं काढली की सूडाची शोकांतिका सूडाचा विजय होऊन बसते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो. प्रेक्षकाचा काय दोष? त्याला तुम्ही तेवढंच दाखवलंत.

पहिल्या अंकापासून धरू. नाटक सुरू होतं ते बापाच्या भुताने नव्हे, पहाऱ्याने. एल्सिनोरच्या तटावर मध्यरात्री सैनिक उभे आहेत, डेन्मार्कमध्ये रात्रंदिवस तोफा ओतल्या जात आहेत, जहाजं बांधणाऱ्यांना रविवारची सुट्टी नाही. का? नॉर्वेचा तरुण फॉर्टिन्ब्रास चालून येईल म्हणून. हॅम्लेटच्या बापाने त्याच्या बापाला द्वंद्वात ठार मारून जमीन जिंकली होती. ते द्वंद्व झालं त्याच दिवशी आपला हॅम्लेट जन्मला, हे पाचव्या अंकात कबर खोदणारा सहज सांगून जातो. त्याला आता तीस वर्षं झाली. म्हणजे बाप मारला गेलेला पहिला मुलगा या नाटकात हॅम्लेट नाहीच, फॉर्टिन्ब्रास आहे. आणि अख्खं डेन्मार्क ज्याच्या भीतीने तोफा ओततं, तो शेवटी एकही तोफ न डागता त्या राज्याचा धनी होतो. तुम्ही तोच माणूस कापलात! मग पहिल्या प्रवेशातला पहारा कुणासाठी?

बाप मारला गेलेले तीन मुलगे आहेत, हे शाळेतल्या पोरालाही मोजता येईल. फॉर्टिन्ब्रासला त्याचा म्हातारा काका आवरतो, वार्षिक तनखा देतो, सैन्य पोलंडकडे वळवायला लावतो. तो ऐकतो. लेअर्टिस, ज्याच्या बापाला, पोलोनियसला, हॅम्लेटच मारतो, अजिबात थांबत नाही. हॅम्लेट थांबतो, तपासतो, स्वतःवर चिडतो, पुन्हा थांबतो. शेवटी जो सूडावरून बाजूला झाला तो जिवंत आहे आणि बाकीचे दोघे हातभर अंतरावर मरून पडलेत. हे नाटकाच्या हाडातच आहे, मी वरून चिकटवलेला अर्थ नाही.

आता कुणीतरी म्हणणारच की फॉर्टिन्ब्रास तरी कुठला संत, पोलंडमधल्या एका नापीक तुकड्यासाठी हजारो माणसं मरायला नेतो. नेतो, मान्य. पाच डुकाटच्या खंडानेही कुणी कसायला घेणार नाही अशा जमिनीसाठी. नाटककाराने त्याला चांगला माणूस म्हणून आणलेलंच नाही. सूडाने उद्ध्वस्त झालेलं घर शेवटी कुणाच्या ताब्यात जातं, एवढं दाखवायला आणलंय.

आणि ते दुसरं ठरलेलं वाक्य, ‘हॅम्लेटने उशीर केला म्हणून सगळे मेले’. आजच्या त्या व्हिडिओखालीही कुणीतरी हेच लिहिलंय. मग लेअर्टिसचं काय? त्याने कुठे उशीर केला? पॅरिसहून बातमी ऐकून येतो तो थेट दरवाजे फोडून, मागे जमाव, जमाव त्यालाच राजा करायला निघालेला. परलोक गेला खड्ड्यात, मला बापाचा सूड हवा, असं तो उघड म्हणतो. हॅम्लेटला चर्चमध्ये गळा चिरून मारायची तयारी दाखवतो, आणि क्लॉडियस त्याला शाबासकी देतो की सूडाला मर्यादा असूच नये. हे वाक्य नाटकात कुणाच्या तोंडी आहे ते बघा. खुन्याच्या. लेअर्टिसकडे उशीर नाही, शंका नाही, स्वगतं नाहीत. तरी तो हॅम्लेटच्याही आधी मरतो, स्वतःच विष लावलेल्या तलवारीने.

हो, प्रार्थनेच्या प्रवेशात हॅम्लेटने वार केला असता तर पुढची सात माणसं वाचली असती. तिसऱ्या अंकातल्या त्या क्षणी पोलोनियस, त्याची मुलगी ओफेलिया, हॅम्लेटची आई गर्ट्रूड, लेअर्टिस, रोझेनक्रांट्झ आणि गिल्डेनस्टर्न हे दोघे शाळूसोबती आणि स्वतः हॅम्लेट, सगळे जिवंत आहेत. हिशेब बरोबर आहे. पण तो वार का करत नाही ते वाचा ना. दया आली म्हणून नाही, भीती वाटली म्हणून नाही. क्लॉडियस गुडघे टेकून देवापुढे आहे, आत्ता मेला तर स्वर्गात जाईल, म्हणून. जीव घेऊन त्याचं भागत नाही, त्याला नरकही हवा आहे. पाप करताना गाठीन, दारूत, जुगारात, बिछान्यात, असं ठरवून तो तलवार म्यान करतो. संधी त्याच्या दिरंगाईने घालवली नाही, सूडाच्या हावेने घालवली. न्याय मागणारा माणूस तिथे थांबला नसता. आणि तो गेल्यावर क्लॉडियस उठून सांगतो की प्रार्थना वर पोहोचलीच नाही, नुसते शब्द गेले. म्हणजे कारणही फुकट गेलं. त्यानंतर काही मिनिटांत आईच्या महालात पडद्याआड पोलोनियस मरतो. तिथून जी घसरण लागते ती थेट शेवटच्या प्रवेशापर्यंत.

त्या शेवटच्या प्रवेशाची यंत्रणा नीट समजून बसवली ना, तर टाळी येतच नाही. तिथे प्रेक्षकाचा श्वास अडकतो. म्हणून जरा सविस्तर.

हॅम्लेट आणि लेअर्टिसचा तलवारबाजीचा सामना आहे, आणि त्याच्या आड राजा आणि लेअर्टिसचा हॅम्लेटला मारायचा कट. पैज अशी. राजाने हॅम्लेटच्या बाजूने सहा बार्बरी घोडे लावलेत, समोरून सहा फ्रेंच तलवारी आणि खंजीर, पट्ट्यांसकट. बारा डाव. त्यात लेअर्टिसने हॅम्लेटपेक्षा तीन वार जास्त मिळवायचे नाहीत. म्हणजे हॅम्लेटला जिंकायची गरजच नाही, फार मागे पडायचं नाही इतकंच. सापळा असा आमिषासारखा सोपा ठेवलाय. आत तीन थर. एक, खेळाच्या तलवारींमध्ये एक बोथट न केलेली, टोकदार. दोन, त्या टोकाला लेअर्टिसने एका भोंदू वैदूकडून घेतलेलं विष. तीन, दोन्ही फसलं तर विषाचा प्याला, खेळून घसा कोरडा पडला की हॅम्लेटने मागावा असा.

इथे बहुतेक प्रयोग पहिली चूक करतात ती तलवार निवडण्याच्या जागी. लेअर्टिस एक तलवार उचलतो, जड आहे म्हणून ठेवतो, दुसरी घेतो. हॅम्लेट पहिलीच पसंत करतो आणि विचारतो, सगळ्यांची लांबी सारखीच ना? पंच असलेला दरबारी ऑस्रिक हो म्हणतो. लांबी खरंच सारखी आहे, खोट टोकात आहे. दोन वाक्यांचा खेळ. तो मागच्या बाजूला, लोकांच्या गर्दीत उरकला तर प्रेक्षकाला पुढे काहीच कळत नाही. तलवारींचं टेबल पुढे हवं, लेअर्टिसचं तोंड प्रेक्षकांकडे हवं आणि त्या एका तलवारीची मूठ वेगळ्या रंगाची हवी. कारण पुढे तीच तलवार हात बदलणार आहे आणि तो बदल शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसला पाहिजे.

मग प्याला. क्रम चुकवू नका. पहिला वार हॅम्लेटचा. राजा खेळ थांबवतो, स्वतः पितो, मग प्याल्यात मोती टाकतो, म्हणजे त्या आडून विष, तोफा वाजतात. पिणं आधी, मोती नंतर. उलट केलंत तर राजा का मेला नाही हा प्रश्न पोरंही विचारतील. हॅम्लेट म्हणतो, हा डाव होऊ दे, प्याला ठेवा. दुसरा वारही हॅम्लेटचा. राणी खूश, मुलाचा घाम पुसायला रुमाल देते, आणि प्याला उचलते.

इथे क्लॉडियस काय करतो? ‘पिऊ नकोस’ म्हणतो. बस. उठत नाही, प्याला हिसकावत नाही, ओरडत नाही. ती माफी मागून पिते, आणि तो स्वतःशीच म्हणतो, आता उशीर झाला. हे सिंहासनापासून दोन पावलांवर घडलं पाहिजे, हात पुरेल इतक्या जवळ. लांब ठेवलंत तर तो बिचारा पोहोचू शकला नाही असं दिसतं. त्याला पोहोचता येतंय आणि तो पोहोचत नाही, कारण हात पुढे केला तर कट उघडा पडतो. ज्या बाईसाठी भावाला मारलं तिला तो डोळ्यांदेखत पिऊ देतो. आजच्या व्हिडिओत राणी रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. प्रवेशाचा कणाच मोडला.

तिसरा डाव बरोबरीत. बारापैकी तीनच डाव होतात. आणि डाव संपलाय असं ऑस्रिकने म्हटल्यावर, हॅम्लेट बेसावध असताना, लेअर्टिस वार करतो. त्याच्या आधी त्याची एक हळू ओळ आहे, हे माझ्या मनाविरुद्ध चाललंय अशी. ती कापू नका, हात जोडतो. त्या ओळीवर तो थांबू शकला असता.

तलवारींची अदलाबदल हा सगळ्यांत अवघड भाग. १६०४-०५ च्या प्रतीत त्याबद्दल सूचनाच नाही. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत, एवढंच, की झटापटीत तलवारी बदलतात. तलवारी खाली पडल्या आणि चुकून दुसरी उचलली, हा सोपा मार्ग बहुतेक जण घेतात आणि ते पोरकट दिसतं. त्या काळच्या तलवारबाजीत डाव्या हाताने समोरच्याची मूठ पकडून हत्यार काढून घेण्याचा पेच होता, आणि त्याचा तोड म्हणजे आपणही त्याची मूठ पकडायची. दोघे एकमेकांची मूठ धरून ओढतात, आणि हत्यारं बदलून सुटतात. त्यासाठी डाव्या हातातला खंजीर आधीच पडलेला हवा. तालमीत हा पेच आधी अर्ध्या वेगाने बसवायचा, रोज. हॅम्लेटला तोवर कळलंय की आपल्याला रक्त आलं, म्हणजे समोरच्या तलवारीला धार आहे. त्याला ती तलवार हवी आहे. विषाचं मात्र माहीत नाही. म्हणजे अदलाबदल निव्वळ अपघात नाही आणि पूर्ण हेतूही नाही. बसवणाऱ्याने ही अर्धवट जागा जपायची असते.

आणि याच तलवारींमुळे कळतं की शेक्सपिअरने जुन्या गोष्टीचं काय केलं. १२०० च्या सुमारास सॅक्सो ग्रामॅटिकस या डेन्मार्कच्या इतिहासकाराने अॅम्लेथची कथा लिहिली, ती पुढे १५७० मध्ये बेलफोरेने फ्रेंचमध्ये सांगितली. सॅक्सोचा अॅम्लेथ सूडात पूर्ण यशस्वी होतो. दरबाऱ्यांना दारू पाजतो, आईने विणलेले पडदे त्यांच्यावर पाडतो, स्वतः तासलेल्या लाकडी आकड्यांनी ते पक्के करतो, आणि महाल पेटवून देतो. मग काकाच्या शयनगृहात जाऊन त्याची तलवार स्वतःच्या तलवारीशी बदलतो. याची तलवार म्यानाला खिळ्याने ठोकलेली आहे, उपसताच येत नाही. काका जागा होतो, ती म्यानबंद तलवार ओढत बसतो आणि मरतो. दुसऱ्या दिवशी अॅम्लेथ लोकांपुढे भाषण करतो आणि राजा होतो. तिथे टाळ्या वाजवा! ती टाळ्यांचीच गोष्ट आहे. शेक्सपिअरने तलवारींची अदलाबदल ठेवली, पण नायकाच्या हातची हुशारी काढून घेतली. योजना ठेवली, ती खुन्याकडे दिली. भाषण ठेवलं, पण ते मित्राने करायचं, प्रेतांच्या बाजूला उभं राहून. आणि राज्य नायकाऐवजी शेजाऱ्याला. इतक्या विचाराने उलटवलेली गोष्ट तुम्ही पडदा चार मिनिटं आधी पाडून पुन्हा सुलटी करता!

क्लॉडियस मरतो तेव्हा हॅम्लेट काय म्हणतो तेही ऐका. त्याला शिव्या घालतो, प्याला पाजतो, मोती मिळाला का विचारतो, माझ्या आईच्या मागे जा म्हणतो. बापाचं नाव नाही. ज्या भुताने रात्री तटावर शपथ घालून हे काम सोपवलं, त्याचा उल्लेखही नाही. तो वार आईसाठी आहे, स्वतःच्या विषारी जखमेसाठी आहे, समोर नुकत्याच उघड झालेल्या कटासाठी आहे. बापाचा सूड म्हणून ज्याची पाच अंक वाट पाहिली, तो त्या रूपात घडतच नाही. आणि दरबार काय ओरडतो? ‘फितुरी! फितुरी!’ त्यांच्या दृष्टीने राजपुत्राने राजाला मारलंय. जुन्या खुनाबद्दल दरबारात कुणालाही काही माहीत नाही, फक्त होरेशिओला माहीत आहे. ज्याला ‘अखेर न्याय झाला’ असं वाटतंय त्याने सांगावं, खटला कुठे चालला? पुरावा कुणी पाहिला?

आठ माणसं मेली. मूळ गुन्हेगार एक.

त्यातली ओफेलिया. शेवटच्या प्रवेशात तिचं नाव कुणीही घेत नाही. भाऊ मरताना बापाच्या आणि स्वतःच्या मृत्यूबद्दल क्षमेची देवाणघेवाण करतो, बहिणीबद्दल अवाक्षर नाही. नुकतंच तिच्या कबरीत उतरून दोघे भांडले होते, माझं प्रेम मोठं की तुझं म्हणून. यांच्या सूडाच्या हिशेबात ती कुठे बसतच नाही आणि तिची किंमत मात्र तिनेच मोजली. याचा मला दरवेळी संताप येतो.

आणि ते दोघे, रोझेनक्रांट्झ आणि गिल्डेनस्टर्न. राजाचे खुशमस्करे, ठीक आहे. पण आपण नेतोय त्या पत्रात हॅम्लेटच्या मृत्यूचा हुकूम आहे हे त्यांना माहीत होतं, असं नाटकात कुठेही म्हटलेलं नाही. हॅम्लेट रात्री जहाजावर ते पत्र काढून घेतो, सुंदर अक्षरात दुसरं लिहितो, की ही माणसं पोहोचताच मारा, पापाची कबुली द्यायलाही वेळ देऊ नका. आणि मोहोर कसली लावतो? बापाची. वडिलांची मुद्रा त्याच्या बटव्यात होती. बापाच्या नावाने केलेला सूड, बापाच्या शिक्क्याने मारलेले दोन बालमित्र. माझ्या मनाला ते लागत नाही, असं तो होरेशिओला सांगतो. भुताला कबुलीविना मरण आल्याचं दुःख होतं. मुलाने तेच मरण दोघांना वाटलं.

इतकं लिहिल्यावर राग थोडा निवळला आहे, म्हणून हॅम्लेटच्या बाजूनेही लिहिते. मरताना तो दोन गोष्टी करतो आणि दोन्ही सूडाच्या नाहीत. होरेशिओ प्याल्यात उरलेलं विष प्यायला निघतो. हॅम्लेट अंगात जीव नसताना झटापट करून तो प्याला काढून घेतो. नाटकभर माणसं मरत गेली, त्यात अखेरच्या क्षणी एक मरण हाताने अडवणारा तोच आहे. थांब, माझी हकिकत सांग, म्हणतो. दुसरं, फॉर्टिन्ब्रासला आपलं मत देतो. तीस वर्षांचं वैर, बापाने तलवारीने जिंकलेलं, तो दोन ओळींत सोडून देतो. त्याच्या जरा आधी लेअर्टिसने क्षमा मागितली आणि हॅम्लेटने दिली, तीही दोन-तीन ओळींत. इतके अंक जे कुणाला जमलं नाही ते मरणाच्या दारात दोन पोरांना जमतं. हे बघताना माझा गळा दाटतो. दिग्दर्शकाने ही जागा टाळ्यांच्या आवाजात बुडवली, याचं वाईट वाटतं ते म्हणूनच.

फॉर्टिन्ब्रासला कापायची परंपरा जुनी आहे, हे खरं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या मोठमोठ्या नटांनी ‘बाकी सारं मौन’वर पडदा पाडला, कारण शेवटचं वाक्य स्वतःचं हवं. १८९७ मध्ये फोर्ब्स-रॉबर्टसन या नटाने फॉर्टिन्ब्रासला परत आणलं तेव्हा ती बातमी ठरली. १९४८ च्या ऑलिव्हिएच्या चित्रपटातही तो नाही. मोठ्यांनी केलं म्हणून योग्य होत नाही. आपल्याकडे हे नाटक आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात मराठीत आणलं, १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ म्हणून छापलं, गणपतराव जोशींच्या चंद्रसेनाने, म्हणजे मराठीतल्या हॅम्लेटने, ते गाजवलं, नाना जोगांच्या भाषांतरावर २०१८ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर प्रयोग झाले. इतकी जुनी ओळख असलेल्या प्रेक्षकाला चार मिनिटं जास्त बसवत नाही, असं समजणं हा त्या प्रेक्षकाचा अपमान आहे.

वेळेची अडचण मला कळते. पूर्ण संहिता जवळजवळ चार तासांची. स्पर्धेत तेवढा वेळ कोण देणार? मग कापा, पण हे कापा. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीचा पोलोनियस आणि रेनाल्डोचा प्रवेश अख्खा जाऊ शकतो. ऑस्रिकच्या टोपीचा खेळ निम्मा करा. नाटकमंडळीतल्या नटाचं ट्रॉयवरचं भाषण आठ ओळींत बसवा, फक्त बापाचा सूड घ्यायला आलेल्या पिऱ्हसची उगारलेली तलवार हवेत थांबते ती जागा ठेवा. पहिल्या अंकातला नॉर्वेचा तपशील चार वाक्यांत सांगा, पण सांगा, नाहीतर शेवटी हा कोण आला असं होतं. चौथ्या अंकात फॉर्टिन्ब्रासची माणसं रंगमंच ओलांडून जाऊ देत, तोंड दिसलं तरी पुरे. नट कमी असतील तर भुताचं काम करणारा शेवटी मोकळा असतो, फॉर्टिन्ब्रास त्याला द्या. मेलेल्या बापाचाच चेहरा शत्रूच्या वेशात राज्य घ्यायला येतो, हे बघा कसं दिसतं ते. पोलोनियसचा नटही चालेल. चार कॅप्टन नसतील तर दोन चालतील.

आणि इंग्लंडच्या वकिलाला ठेवा. सहा ओळी आहेत त्याच्या. हुकमाप्रमाणे त्या दोघांना मारलं, आता आभार कोण मानणार, असं तो चार प्रेतांसमोर विचारतो आणि होरेशिओ त्याला सांगतो की तो हुकूम या राजाचा नव्हताच.